सांगलीहून कोइमतूरला: रोजच्या गाडीचा पहिला ट्रॅक-डे

आपल्या सांगली-साताऱ्याकडं गाडी पळवायची हौस दांडगी. टर्बो इंजिनाच्या छोट्या गाड्या आता विट्यात, तासगावात, कराडातही दिसतात. त्या पळतात कुठं, तर पेठ नाक्याच्या पुढं हायवेवर, नाहीतर आंबा घाटात. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन येत असतो, त्याला मागचा दिवा नसतो आणि ह्यांना वळणात ओव्हरटेक मारायचा असतो. मला त्याची भीती वाटते आणि रागही येतो. माझ्याकडं ह्युंदाई आय२० एन लाइन आहे: एक लिटरचं टर्बो इंजिन, १२० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल पेटी, चारही चाकांना डिस्क ब्रेक. ही गाडी काय करू शकते ते मला बघायचं होतं, पण सरकारी रस्त्यावर नाही. म्हणून दिवाळीनंतर नवशिक्यांसाठी असलेल्या एका ट्रॅक-डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपलीच गाडी चालवायच्या दिवसाला, नाव नोंदवलं. ठिकाण कोइमतूरजवळचं चेट्टिपाळयम, करी मोटर स्पीडवे. सोबत धाकटा भाऊ.

कोइमतूर निवडायला आणखी एक कारण होतं. तिथं आमचे मामा राहतात. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. जुने दागिने गाळायचे, त्यातलं शुद्ध सोनं-चांदी वेगळं करायचं, हे त्यांचं काम. दक्षिणेतलं सराफांचं कुठलंही गाव घ्या, तिथल्या एखाद्या बोळात विट्याकडचं घर सापडतंच. मामा तरुणपणीच तिकडं गेले आणि तिकडचेच झाले.

निघण्याआधी

गाडी आधी माधवनगर रोडवरच्या आमच्या मिस्त्रींकडं दाखवली. ब्रेक पॅड किती उरलेत, चाकांचे नट, इंजिन ऑइल, टायरच्या कडा, सगळं त्यांनी बघितलं. मग मी ब्रेक ऑइल बदलायला सांगितलं. गाडी तर नवीनच आहे की, म्हणाले. ट्रॅकवर न्यायचीय म्हटल्यावर मात्र काही न बोलता बाटली काढली.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नव्या डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात किंवा ट्रॅकवर सारखे ब्रेक मारले की उष्णता कॅलिपरमधून (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातून) ऑइलपर्यंत पोचते, ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. त्यामुळं पाय पेडलवर असतो, पेडल खाली जात राहतं आणि गाडी थांबत नाही. नवशिक्यानं ट्रॅकसाठी गाडीवर एकच खर्च करायचा असेल तर तो ताज्या ब्रेक ऑइलचा करावा. एअर फिल्टर, एक्झॉस्ट, रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाचा प्रोग्रॅम बदलणं) यांच्या नादाला लागू नये.

विम्याचंही आधी बघून घ्या. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत, वेगाची चाचणी वगैरे वापर स्पष्ट वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी आपटली तर खर्च आपल्याच खिशातून, हे घरी आधीच बोलून ठेवलेलं बरं. शर्यतीत उतरायचं तर एफएमएससीआयचं, म्हणजे मोटार शर्यतींच्या देशातल्या संघटनेचं, लायसन्स काढावं लागतं. ट्रॅक-डेला ते लागलं नाही, साधं ड्रायव्हिंग लायसन्स चाललं.

पहिला दिवस: सांगली ते चित्रदुर्ग

पहाटे अंधारात निघालो. डिकीत हेल्मेट, टायरचा गेज, हवा भरायचा छोटा पंप. बाकी सगळी जागा मामीच्या यादीनं खाल्लेली: शाळूचं पीठ, कांदा-लसूण चटणी, जयसिंगपुरी भडंग, तासगावचे बेदाणे. चटणीच्या पिशव्यांवर दोन प्लॅस्टिकची आवरणं घातली होती, तरी कागल येईपर्यंत गाडीभर वास सुटला.

निपाणी, बेळगाव, धारवाड, हुबळी पटापट मागं पडलं. दावणगेऱ्याला मात्र हायवे सोडून गावात शिरलो, लोण्याच्या डोशासाठी. बारीकसं हॉटेल, भट्टीत लाकूड पेटलेलं आणि तव्यावर हात राखून न घातलेलं लोणी. डोसा वरून कुरकुरीत, आतून मऊ. सोबत बटाट्याची पांढरी भाजी आणि पातळ चटणी. वाढणारे आजोबा आमचं बोलणं ऐकून म्हणाले, "सांगली? हळद!" त्यांचे वडील हळदीच्या व्यापाऱ्याकडं कामाला होते, म्हणून लहानपणी त्यांचं सांगलीच्या पेठेत येणंजाणं असायचं. आयर्विन पूल अजून आहे का, हे त्यांनी आवर्जून विचारलं. आहे म्हटल्यावर आणखी एक डोसा आला. त्याचे पैसे काही केल्या घेतले नाहीत.

चित्रदुर्गाला दुपारीच पोचलो, त्यामुळं किल्ला बघायला उजेड मिळाला. सगळा किल्ला दगडांच्या राशीत गुंफलेला आणि आजूबाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या. हैदर अलीची माणसं ज्या अरुंद फटीतून आत शिरत होती आणि पहारेकऱ्याच्या बायकोनं, ओबव्वानं, हातातल्या मुसळानं त्यांना एकेक करून लोळवलं, ती फट तिथं दाखवतात. मी तिच्यातून वाकून गेले. एका वेळी एकच माणूस मावतो, तोही डोकं पुढं काढून. ओबव्वानं जागा बरोबर हेरली होती.

दुसरा दिवस: चित्रदुर्ग ते कोइमतूर

बंगळूरच्या गर्दीत न शिरता तुमकूरकडून नाइस रोडनं होसूरच्या बाजूला बाहेर पडलो. टोल बराच आहे, पण वेळ वाचतो. कृष्णगिरी, धर्मपुरी आणि मग तोप्पूरचा घाट. सेलमकडं जाताना हा सगळा उतार आहे आणि ट्रकच्या अपघातांसाठी तो बदनाम आहे. गिअर खाली घेऊन, इंजिनच्या ओढीवर हळूहळू उतरलो. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकांतून जळका वास येत होता. ब्रेक तापणं म्हणजे काय ते आम्हाला ट्रॅकच्या आधी इथंच नाकानं कळलं.

भवानीजवळ कावेरी ओलांडली. पाणी भरपूर होतं. आभाळही भरून आलेलं. सांगलीत तेव्हा शेताला पाणी पाजायचे दिवस सुरू झालेले. इकडं ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, हे भूगोलात शिकलेलं तिथं काचेवर पडायला लागलं.

मामा गल्लीच्या तोंडाशी छत्री घेऊन उभे होते. मामी दारातच म्हणाली, "आगं, हजार किलोमीटर गाडी चालवत आलासा, आन् आता उद्या परत गोल-गोल फिरायला कशाला जायचं?" तिला पटेल असं उत्तर मला देता आलं नाही. जेवायला बाजरीची भाकरी, खर्डा, मटकीची उसळ. शेवटी भातावर तिकडचं सांबार आणि रसम. मामांचा नातू आमच्याशी विट्याची मराठी बोलायचा आणि मान वळवून गल्लीतल्या पोरांशी तमिळ.

रात्री गाडी पूर्ण रिकामी केली. डिकी, दारांचे कप्पे, सीटखालची बाटली, ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटसुद्धा. ब्रेकच्या मागं एक पाण्याची बाटली घरंगळली तर काय होईल याचा विचार केला की हे काम कंटाळवाणं वाटत नाही. टूलकिटमधला टो हूक (बंद पडलेली गाडी ओढायचा आकडा) काढून तो बसतो का हेही बघून घेतलं. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या वर ठेवलं, कारण लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि टाकी कमी असेल तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो.

तिसरा दिवस: ट्रॅक

करी मोटर स्पीडवे २००३ साली सुरू झाला. एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. भारतात फॉर्म्युला गाड्या बनवून तरुणांना परवडणारी शर्यत उभी करणारा हा माणूस १९९५ साली विमान अपघातात गेला. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयनही याच परिसरातला. ट्रॅकची लांबी २.१ किलोमीटर. एक सरळ पट्टा आणि मग एकापाठोपाठ एक वळणं. नवशिक्याला हा आखूड ट्रॅक सोयीचा, कारण वेग फार चढायच्या आत पुढचं वळण येतं आणि तेच वळण दोनेक मिनिटांत परत येतं.

मामा-मामी दोघंही आले. मामीनं डबा घेतला होता. मामांनी दुकान दुसऱ्या एका भाच्यावर सोडलं होतं, आणि ही गोष्ट ते सहसा करत नाहीत.

आधी गाडीची तपासणी. बॅटरी घट्ट आहे का, कुठं गळती आहे का, पट्टा नीट लागतो का, चाकांचे नट, टायर. माझ्यापुढच्या गाडीचा एक टायर आतल्या बाजूनं तारा दिसेपर्यंत झिजलेला निघाला. गाडीवाल्याला त्याचा पत्ताच नव्हता. त्याला ट्रॅकवर सोडलं नाही. तो पोरगा हिरमुसला खरा, पण मला वाटलं, हा टायर घेऊन तो रोज हायवेवर जात होता. त्याची ट्रॅक-डेची फी तिथंच वसूल झाली.

मग वर्ग. झेंड्यांचे अर्थ पाठच करून घेतले. पिवळा म्हणजे पुढं धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबायच्या जागी, या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आलीय. काळा तुम्हाला दाखवला तर पिटमध्ये या, काहीतरी बोलायचंय. चौकटीचा म्हणजे संपलं. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, तोही पुढच्यानं खिडकीतून हात दाखवून वाट दिल्यावरच. आपल्या रस्त्यांवर हा एक नियम आला तर किती माणसं वाचतील!

माझ्या शेजारी बसलेले प्रशिक्षक पन्नाशीतले, शांत. गाडी हलायच्या आधी त्यांनी माझी सीटच बदलून घेतली. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. सीट वर आणि पुढं आली. पायाखालची गाडी एकदम जास्त कळायला लागली. हे एवढं तर घरी बसून फुकटात करता येतं.

पहिल्या सत्रात त्यांनी वेगाबद्दल एक शब्द काढला नाही. ते फक्त बोट दाखवायचे. वळण सुरू व्हायच्या आधी बोट वळणाच्या आतल्या टोकाकडं, तिथं पोचायच्या आत बोट बाहेर पडायच्या जागेकडं. डोळे जिथं जातात तिथं हात जातात, असं त्यांचं म्हणणं. दोन-तीन चकरांत मला वळणं मोठी वाटायला लागली. रस्ता तेवढाच होता, मला दिसायला लागला होता जास्त.

त्यानंतर ब्रेक. सरळ असतानाच ब्रेक मारायचा, पहिल्यांदा जोरात, मग हळूहळू पाय सोडत वळणात शिरायचं. आपण रस्त्यावर उलटं करतो, आधी हलका आणि शेवटी घाबरून जोराचा. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांची पकड वाढते, मागची हलकी होतात. अशा वेळी वळणात मध्येच पाय झटक्यानं काढला किंवा परत ब्रेक मारला तर गाडीचा तोल ढळतो. हे मी वाचलं होतं. कमरेखाली जाणवलं ते तिथं. बहुतेक वळणं मी तिसऱ्याच गिअरमध्ये घेतली. गिअर बदलायची घाई गेली आणि सगळं लक्ष रेषेवर, म्हणजे वळणातून गाडी न्यायच्या वाटेवर, आलं.

स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवायचा, यावर त्यांनी वाद घालू दिला नाही. एसी बंद, काचा खाली. शेवटची चक्कर ब्रेक जवळजवळ न वापरता सावकाश मारायची, म्हणजे वारा लागून सगळं निवतं. पिटमध्ये थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवले तर उष्णता एकाच जागी साठते. टर्बो निवायला थोडा वेळ इंजिन चालू ठेवून मगच बंद करायचं.

मी उतरले तेव्हा मामा पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसून तळहात लांबून धरत होते. "हे तेल किती डिग्रीला उकळतं म्हणालीस?" मी २३० सांगितलं. मामा हसले. "आमची चांदी ९६२ ला वितळती, सोनं १०६४ ला. पण नेम तोच. धातू वितळवायची मूस भट्टीतनं काढली की एकदम गार करायची न्हाय. तडकती." मग बाकीच्या गाड्यांजवळ जाऊन ते तिथल्या पोरांनाही तमिळमधून हेच सांगायला लागले. ट्रॅकवर झेंडे दाखवणाऱ्या एका मार्शलनं त्यांना खुर्ची आणून दिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मामांभोवती चांगला घोळका जमला होता आणि मामीच्या डब्यातल्या धपाट्यांचा फन्ना उडाला होता. दह्याशी धपाटं खाताना आमच्या प्रशिक्षकांनी दोनदा विचारलं, पीठ कसलं.

भाऊ गेज घेऊन टायरमागं लागला होता. सकाळी थंड टायरमध्ये भरलेली हवा सत्रानंतर ५-६ पीएसआयनं वाढलेली. प्रशिक्षकांच्या सांगण्यावरून गरम असतानाच थोडी काढली. परत निघायच्या आधी, टायर थंड झाल्यावर, ती पुन्हा भरायला विसरू नका. हायवेवर कमी हवेनं टायर तापतो.

दुपारनंतर पाऊस आला. सरीवर सर. मला वाटलं, संपलं आता. पण प्रशिक्षकांचा चेहरा खुलला. ओल्या ट्रॅकवर वेगळी रेषा धरायची असते. कोरड्यात सगळ्या गाड्या ज्या पट्टीवरून जातात तिथं टायरचं रबर बसलेलं असतं, आणि पाणी पडलं की तीच पट्टी सगळ्यात निसरडी होते. म्हणून तिच्या बाहेरून, खरखरीत डांबरावरून जायचं. सकाळभर जी रेषा गिरवली होती ती सोडायची. स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळं अर्ध्या जोरानं आणि दुप्पट सावकाश. एकदा वळणातून बाहेर पडताना माझ्याकडून ॲक्सिलरेटर थोडा लवकर दिला गेला, तर पॅनेलवरचा स्टॅबिलिटीचा दिवा लुकलुकला आणि नाक बाहेरच्या बाजूला सरकलं. प्रशिक्षक म्हणाले, आता पाय हळू उचला, स्टिअरिंग आणखी फिरवू नका. नाक परत आत आलं. आंबोलीच्या घाटात हे झालं असतं तर बाहेरच्या बाजूला दरी होती. इथं बाहेर मोकळं गवत होतं.

त्या गवतात एक गाडी गेलीच, गिरकी घेऊन. पिवळा झेंडा लागला, सगळे रांगेत हळू झाले, मार्शलनी तिला बाहेर काढलं. चिखलाखेरीज काही लागलं नव्हतं. चालवणारा कॉलेजातला मुलगा होता. पुढच्या सत्रात तो परत आला आणि त्याच वळणावर नीट गेला. पिट वॉलवरून मामीनं त्याला टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी मामी मला म्हणाली, "गोल-गोल न्हाय ते. दर खेपेला निराळं जाताय तुमी." तिनं दिवसभर इतकं बारीक बघितलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

चौथा दिवस: कोइमतूर

मुद्दाम एक दिवस मोकळा ठेवला होता आणि तसाच तुम्हीही ठेवा. ट्रॅकनंतर मान, दंड आणि डावी पोटरी बोलायला लागतात, त्यात दुसऱ्याच दिवशी हजार किलोमीटर नको. सकाळी अविनाशी रोडवरचं जुन्या गाड्यांचं गेडी संग्रहालय बघितलं. हे जी. डी. नायडूंच्या घराण्याशी जोडलेलं. १९३७ मध्ये भारतीय बनावटीची पहिली विद्युत मोटर केली त्यांत नायडू होते. पंप, मोटारी, सुटे भाग हे सगळं या गावाच्या अंगात मुरलेलं आहे. ट्रॅक इथंच का झाला, हे तिथं फिरताना वेगळं समजवावं लागत नाही.

दुपारी मामांच्या दुकानात गेलो. भट्टी, मूस, चिमटे, तेजाबाचा उग्र वास. संध्याकाळी गाड्यावर काळान खाल्लं. मशरूम, कोबी, मसाला, वर कांदा-कोथिंबीर. भावानं दोन प्लेट संपवल्या. फिल्टर कॉफी किती झाली ते सांगत नाही.

परतीचे दोन दिवस

परतीचं फार काही सांगण्यासारखं नाही. तोप्पूरच्या बाजूनं चढताना त्रास नाही, तुमकूरजवळ मुक्काम, धारवाडला पेढे. एक फरक मात्र भावानंच बोलून दाखवला: मी आता पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीकडं बघत नाही, त्याच्या पलीकडच्या रस्त्याकडं बघते. आणि अंतर जास्त ठेवते.

सांगलीत आल्यावर गाडी परत मिस्त्रींकडं नेली. पुढचे पॅड चांगलेच झिजलेत, पण आणखी काही महिने जातील. पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा गोल झाल्यात, म्हणून चाकांची अदलाबदल केली. ब्रेक ऑइल परत बदललं. तुम्ही जाणार असाल तर हा परतीचा खर्च आधीच धरा. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं शक्यतो जानेवारी-फेब्रुवारी निवडावा, तेव्हा तिकडं पाऊस नसतो. अर्थात ओलं सत्र मिळालं तर मी आनंदानं पैसे मोजेन. विट्यातल्या दोघांनी नाव नोंदवायचं कसं ते विचारलंय. त्यांना आधी टायरच्या आतल्या बाजूचे फोटो पाठवायला सांगितलेत.